खळ्यावर बूट चालत नाहीत

मैत्रिणींनो, क्रिकेटचे महागडे स्टडवाले बूट घ्यावेत का, असं ग्रुपवर विचारलं होतंत ना? आजचंच सांगते.

पेणला माझ्या मापाचे मिळेनात, म्हणून सकाळी रोह्याला गेले. दुकानदार म्हणाला, "मुलाचा नंबर सांगा."

"माझ्यासाठीच हवेत. मी खेळते."

त्याने लगेच स्वस्तातले पुढे केले. "वहिनी, हौसेला हे पुरेत." झालं! मी हट्टाने सगळ्यात महाग जोडी घेतली.

दुपारी सरावाला गेले. भातकापणीनंतर आम्ही काकीच्या शेतात खेळतो. तिचं सारवलेलं खळं हीच आमची पिच. बूट बघताच काकी आडवी आली.

"खळ्यावर पायताण? नाय गो. इथे भात झोडतो आपण. काढ आधी."

काढले. बॅटिंग अनवाणीच केली आणि नेहमीइतकीच बरी झाली.

फिल्डिंगला मात्र बूट चढवले. एरवी धसकटं टोचतात म्हणून मी बाउंड्रीवर बिचकते. आज सरळ धसकटांतून धावत सुटले आणि कॅच घेतला.

काकी ओरडली, "व्हय गो, हाय कायतरी त्या बुटांत!"

तो कॅच दुकानदाराने बघायला हवा होता, असं घरी येईपर्यंत माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तुम्ही कशासाठी घेताय?