भिंतीला धरून लावलेली बाग

सासरी अजूनही कित्येकांना वाटतं, मी विमानतळावर तिकिटं फाडते. समजावून सांगायचं मी सोडून दिलंय. माझं काम धावपट्टीच्या टोकाला उभ्या असलेल्या अँटेनांचं. त्या आकाशात एक न दिसणारी वाट सोडतात. वैमानिकासमोर एक सुई असते. विमान वाटेवर असलं की ती मध्ये राहते, भरकटलं की बाजूला सरकते. धुक्यात जमीन दिसत नाही तेव्हा तो त्या सुईच्या भरवशावर उतरतो. ती खोटं बोलली तर संपलंच.

यंदाच्या थंडीत ती खोटं बोलली. सकाळी गच्च धुकं होतं. उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं आणि धुकं विरळ झाल्यावर दुसऱ्या फेरीत उतरलं. सुई मध्येच उजवीकडे गेली आणि परत आली, असं वैमानिक रेडिओवर म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वैमानिकानेही तेच सांगितलं. आमच्या केबिनमधले दिवे मात्र सगळे हिरवे.

"मॅडम, दिवे हिरवे आहेत ना? मग झालं तर," आमचे साहेब म्हणाले. "धुक्याच्या दिवसांत बंद केलं तर विमानं परत जातील. प्रवासी माझी मान धरतील."

दिवे हिरवे असणारच. तपासणारं यंत्र अँटेनाच्या अंगणातच आहे. वाट दारातून नीट निघाली एवढंच त्याला कळतं, पुढे तिला कुठे ठेच लागते ते कळत नाही. हे साहेबांनाही ठाऊक होतं, म्हणून तर माझं डोकं फिरलं.

"लोक शिव्या देतील, सर. देऊ द्या. शिव्या द्यायला शिल्लक तर राहतील," असं म्हणून मी यंत्रणा बंद केली. त्या पाळीत तो अधिकार माझा होता. जबाबदारीही तुमचीच, असं साहेबांनी चारचौघांत बजावलं. मी हो म्हटलं.

अलीकडे आजूबाजूला नवीन काय उभं राहिलंय, ते बघायला मी विमानतळाच्या भिंतीच्या कडेने निघाले. फार शोधावं लागलं नाही. भिंतीपलीकडे, धावपट्टीला अगदी समांतर, द्राक्षांच्या नव्या मांडवाचे लोखंडी अँगल उभे होते. त्यांवर ताणलेल्या तारा उन्हात चमकत होत्या. बाग माझ्या धाकट्या दिराची.

"बघा वहिनी, कशी रांग साधली!" तो खुशीत म्हणाला. "दोरी धरायचं कामच नाय पडलं. तुमची भिंत सरळ हाय, तिलाच धरून गेलो."

वेली नुकत्याच तारेवर चढल्या होत्या. पहिला माल पुढच्या वर्षी यायचा होता. या तारांवर आपटून माझी वाट वाकडी होत असावी, भिंतीकडच्या रांगांच्या तारा काढाव्या लागतील, असं मी सांगितलं. त्याचा चेहराच उतरला.

"विमानं रोज आमच्या डोक्यावरून जात्यात, आमी कधी बोललो का? तार काढली तर येल खाली लोळंल. वरीस गेलं माझं."

"गेलं," मी म्हटलं. ते गोड करून सांगण्यासारखं नव्हतंच.

"आन तारांमुळंच व्हतंय हे कशावरून?"

"खात्री नाही, भाऊजी. काढल्यावरच कळेल."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला रडू आलं. तरी मी शेडमधून पक्कड आणली आणि कोपऱ्यातली पहिली तार सोडायला बसले. हात सोलून निघाले. बऱ्याच वेळाने दुसरी पक्कड घेऊन तो रांगेच्या पलीकडच्या टोकाला बसला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोन्ही टोकांकडून तारा सोडत आलो.

शेवटची तार गुंडाळल्यावर त्याने विचारलं, "आता तरी चालू करणार ना?"

"तपासणीचं विमान येऊन बघेपर्यंत नाही."

"माझी बाग उघडी करून बी नाय?"

"नाही."

त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्या हातून ताट घेत नव्हता. मी वाढायला लागले की पाणी प्यायला उठायचा. तिकडे विमानं परत जात होती आणि साहेब मला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर माफ्या मागत होते. मी काही बधले नाही.

शेवटी तपासणीचं विमान आलं. पुन्हा पुन्हा उतरून त्याने ती वाट पाहिली. सुई जागची हलली नाही. साहेबांनी पेढे मागवले. मी पेढ्यासाठी न थांबता बागेत गेले.

"तारांचंच होतं, भाऊजी."

 तो बांधावरची पहार उचलून आला. "मग मांडव कुठवर आणू, ते उभं राहून दाखवा."

मनाशी धरलेल्या जागी मी उभी राहिले. त्याने पहार वर उचलली. तेवढ्यात माझं मन खाऊ लागलं, आणि मी भिंतीपासून आणखी एक रांग सोडून आत सरकले. तो पहार हातात धरून माझ्या पायांकडे बघत राहिला. मग पुढे आला आणि मी उभी होते तिथे त्याने पहार मारली.