वॉचमनबद्दलचं एक वाक्य

दरोड्यावरचा तो हिंदी सिनेमा पाहायला मी मामांना घेऊन गेलो, ते केवळ सोबत हवी म्हणून. मी एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहितो. मामा हडपसरच्या एका बँकेत वीस वर्षं वॉचमन होते.

सिनेमातली टोळी बँकेत शिरते आणि सुरुवातीलाच वॉचमनला संपवते. मी वहीत खरडलं, 'जबरदस्त सुरुवात.' शेजारी मामांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ते मला दिसलं, तरी मी पडद्याकडेच पाहत राहिलो.

बाहेर चहा घेताना मी त्यांना गुणदोष ऐकवत बसलो. पूर्वार्ध बांधीव आहे, काळोखातलं छायाचित्रण अप्रतिम, पण मध्यंतरानंतर गोष्ट रेंगाळते आणि शेवटचा धक्का आधीच कळतो. सगळं ऐकून मामा म्हणाले, "त्या वॉचमनच्या घरी कुणी कळवलं का रे? ते काही दाखवलं नाही."

"मामा, गोष्ट दरोडेखोरांची आहे," मी हसलो.

"असेल. आमच्या बँकेतही एकदा तिघे शिरले होते. माझा जोडीदार गेला त्यात. त्याच्या घरी सांगायला मीच गेलो होतो."

मला हे ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्या नोकरीबद्दल मी कधी काही विचारलंच नव्हतं.

घरी येऊन लेखात वॉचमनबद्दल एक वाक्य घातलं. मग लेख लांबतोय म्हणून मीच ते काढून टाकलं.

रविवारी मामांचा फोन आला. "वाचलं. छान लिहितोस," एवढंच म्हणाले. माफी मागायची होती, पण मी नुसतं "थँक्यू" म्हणालो.