बिनतारी दरबार

सरदार यंत्रांना अहो-जाहो करत. विजेचा पंखा घरात आला त्या दिवशी ते दारातच उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पंखेसाहेब आलेत. प्रवासाने थकलेत, संध्याकाळी भेटतील." माणसांच्या बाबतीत ते इतके काटेकोर नव्हते. मी दरबारच्या शाळेत मास्तर होतो, मुलाबाळांचा बाप होतो, तरी मला ते "काय रे पंता" म्हणूनच हाक मारत.

त्या काळी लष्कर या आमच्या शहरात सरदार इतके होते की शिपाई कमी पडावेत. आमच्या या सरदारांची जहागीर आजोबांच्या वेळीच आटली होती. उरली होती दसऱ्याच्या दरबारातली एक जागा, तीही खांबाआड. तिथून त्यांना महाराज दिसत नसत. पण आपण महाराजांना दिसतो, असं ते सांगत. जगात नवं काही निघालं की ते आधी आपल्याकडे यावं, हा एकच हट्ट त्यांनी उरल्यासुरल्या ऐपतीवर धरला होता. हातातली विजेची बत्ती घेऊन ते भर दुपारी दाल बाज़ारातून हिंडले आणि एका अडत्याच्या पोत्यात उजेड पाडून म्हणाले, "पाहा, तुमची तूर तुम्ही तरी कधी नीट पाहिली होती का?" थर्मास आला तेव्हा सकाळचा चहा त्यांनी संध्याकाळी सगळ्यांना पाजला. चहा वाईट होता, पण गरम होता. लोक गरमपणाचं कौतुक करत घरी गेले.

हे सगळं मला सहन होत असे. पंखा हवा त्यांची त्यांना घालत होता, बत्ती त्यांच्याच वाटेवर पडत होती. माझ्याजवळ जे होतं ते निराळं होतं.

माझे वडील, नाना, दरबारच्या दफ्तरातून निवृत्त झाले होते. त्यांना दिसे कमी आणि ऐकूही येई कमी. त्यामुळे पुण्याचं वर्तमानपत्र मी त्यांना रोज संध्याकाळी ओट्यावर ओरडून वाचून दाखवी. ओरडल्यामुळे शेजारी ऐकू लागले, ऐकता ऐकता येऊन बसू लागले, आणि काही वर्षांत आमच्या ओट्यावर अशी बैठक जमली की बायका आपापल्या नवऱ्यांना तिथूनच जेवायला हाका मारत. पत्र शिळं असे. पण गल्लीला जगात काय झालं हे माझ्या तोंडून कळत होतं. लंडनच्या बातमीला मी आवाज खाली आणी, पुण्याच्या बातमीला चढवी. अग्रलेखात जिथे लेखकाने दम खाल्ला नसेल तिथे मी खात असे. नाना म्हणत, "आमचा पंता वाचतो तेव्हा बातमी समोर येऊन बसते." एवढं एक वाक्य मला दिवसभराच्या शाळेला पुरे.

मग सरदारांकडे रेडिओ आला.

"बिनतारी आलेत," ते आमच्या ओट्यासमोर येऊन म्हणाले. मी मोठ्या कुत्सितपणे त्यांना 'बिनतारी सरदार' म्हणू लागलो. त्यांना ते नाव किताबासारखं आवडलं. आठ दिवसांत सगळी गल्ली त्यांना तसंच म्हणू लागली, आणि माझी कुचेष्टासुद्धा त्यांच्या वैभवात जमा झाली.

रेडिओ ऐकायला पगडी घालून यावं, असा त्यांच्याकडे शिरस्ता होता. दिवाणखान्यात गालिचा, त्यावर चौरंग, चौरंगावर जरीच्या कापडाखाली ते खोकं. बसायचं दसऱ्याच्या दरबारातल्या क्रमाने, म्हणजे आपल्या पणजोबांचा मान असेल तसं. ज्याच्या घरी दिवाबत्तीला तेल नसे असा एक शिलेदार पहिल्या रांगेत, आणि दाल बाज़ारातले शेठजी, ज्यांच्या कोठारावर अर्धं लष्कर जेवे, ते त्याच्या मागे. शेठजी हसून म्हणत, "हमको क्या, पंतजी. आवाज़ तो पीछे भी उतनी ही आती है." आमचे पणजोबा फडावर कारकून. माझी जागा दाराशी, जोड्यांच्या शेजारी.

सरदार स्वतः जरीचं कापड काढत, कळ फिरवत, आणि हात वर करत. आतले दिवे तापेपर्यंत आवाज येत नसे. तेवढा वेळ कुणी खोकायचं नाही. "तापू दे," ते हळूच म्हणत. "घाई करू नका. तापू दे." त्या शांततेत वीस पगड्या श्वास धरून एका खोक्याकडे बघत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. माझ्या वाचनापूर्वी असं कधी कुणी गप्प बसलं नव्हतं. माझ्या वाचनापूर्वी लोक भाजीचे भाव बोलत.

पहिल्याच दिवशी दिल्लीचा निवेदक "आदाब अर्ज" म्हणाला, आणि पहिल्या रांगेतले सगळे म्हातारे सवयीने उठून खोक्याला मुजरा करते झाले. मला वाटलं, आता हशा होईल आणि हा दरबार इथेच मोडेल. सरदारांनी अत्यंत गंभीरपणे मान झुकवली आणि म्हणाले, "पोचला. बसा." कुणी हसलं नाही. पुढे तो रिवाजच पडला.

मी एकटा एकदोनदा तिकडे जाऊन आलो, पण माझं वाचन चालूच होतं. ओट्यावर नाना आणि मी. नानांचं लक्ष मात्र समोरच्या घराकडे. एके दिवशी ते म्हणाले, "जाऊन तर येऊ. वाईट दिसतं, शेजारी आहेत." गेलो. आम्ही दाराशी बसलो, नाना कानामागे हात धरून. ज्या सरदारांनी शेठजींसाठी रांग मोडली नव्हती, ते चौरंगाजवळून उठले, दारापर्यंत आले, नानांना हाताला धरून नेलं आणि आपल्या स्वतःच्या जागेवर, खोक्याला कान लागेल असं बसवलं. एका मानकऱ्याने भुवई उंचावली. सरदार म्हणाले, "कानांना पणजोबा नसतात."

हा माणूस नुसता गर्विष्ठ असता तर मला किती सोयीचं झालं असतं!

त्या रात्री जेवताना नाना मला बातम्या सांगत होते. नाना, मला! मुंबईचं केंद्र खरखरत लागलं होतं, निम्मे शब्द वाऱ्यावर गेले होते, तरी ते लहान मुलासारखे सांगत होते. मग म्हणाले, "पंता, तो आतला माणूस मधे दमसुद्धा घेत नाही रे." मी भाताचा घास तोंडात तसाच धरून बसलो.

लढाई पेटली आणि ऐन लढाईत बिनतारींचा एक दिवा गेला. दिल्लीत मिळेना, मुंबईत मिळेना. विलायतेहून माल येणं बंद. सरदारांनी जरीचं कापड घातलं आणि 'प्रकृती बरी नाही' असं सांगू लागले. गल्ली काही दिवस चुकल्यासारखी हिंडली आणि मग एकेक करून माझ्या ओट्यावर परतली. नानाही आपल्या जुन्या जागी बसले. मी खूश होतो. ते लपवण्यासाठी मी चेहरा लांब करून ठेवला होता.

एका संध्याकाळी सरदार आले. पगडी घालून. मी म्हटलं, "या, वर बसा." ते पायरीवर, जोड्यांशेजारी बसले. "आमचे पणजोबा लढाईत पडले," म्हणाले, "वाचनात त्यांचा मान नाही." मी लगबगीने पत्राची घडी उलगडली आणि तोंड उघडलं, तोच त्यांनी हात वर केला.

"थांबा, पंत. तापू द्या."

ओटा गप्प झाला. भाजीचे भाव थांबले. कुणी खोकलं नाही. एवढी वर्षं माझ्या वाट्याला न आलेली शांतता त्या माणसाने हात वर करून मला आणून दिली, वर यंत्रांसाठी राखून ठेवलेलं अहो-जाहोही दिलं. मी त्या दिवशी जसं वाचलं तसं कधी वाचलं नसेल. नानांनी कानामागचा हात खाली घेतला होता. पण लोक बघत होते ते पायरीकडे: सरदार कुठे मान डोलावतात, कुठे सुस्कारा टाकतात. ऐकण्यातसुद्धा तो माणूस माझ्या पुढे होता.

नवा दिवा येण्याआधीच ते गेले. त्यांच्याच दिवाणखान्यात शोकसभा भरली. चौरंगावर ते जरीने झाकलेलं खोकं तसंच. सगळे पगड्या घालून, आपापल्या क्रमाने. दोन शब्द बोलायला मला पुढे बोलावलं. त्या गालिच्यावर दारापासून चौरंगापर्यंत मी पहिल्यांदाच चालत गेलो. उभा राहिलो. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आवाज मात्र निघेना. सगळे वाट बघत राहिले.

मागच्या रांगेतून शेठजी हलकेच म्हणाले, "तापू दे."

सगळी सभा डोळे पुसत हसली. माझ्या सगळ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी दाद, आणि तीही सरदारांनाच होती.