तोंडातले खिळे

“बटण? हे बटण आहे?”

“असेल शर्टाचं. डॉक्टरांनीच लिहिलंय तसं.”

“डॉक्टरांनी जन्मात कधी सोफा मढवलाय का? अहो, बटणाला टोक नसतं. हा खिळा आहे. आपला, अर्ध्या इंचाचा, चपट्या डोक्याचा. वीस वर्षं जमिनीवरून झाडून गोळा करतेय मी हे. मला नका शिकवू.”

“मग एक्स-रे जुना असेल.”

“खाली तारीख आहे. वाचू?”

दुकानाच्या काचेच्या दाराला एक्स-रेची फिल्म टेकवून ती उभी होती. बाहेरून जाणाऱ्या दोघांनी थांबून तिच्या नवऱ्याच्या बरगड्या पाहिल्या आणि ते पुढे गेले. नवरा स्प्रिंगा उघड्या पडलेल्या एका खुर्चीच्या काठावर बसून दोऱ्याचा गुंता सोडवत होता. दोऱ्याला गुंता नव्हता.

दोन पोलिसांवर त्याने दावा लावला होता, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. उद्या त्याची उलटतपासणी. वकीलबाईंनी हॉस्पिटलचे मूळ कागद आणायला सांगितले, म्हणून आज तिने ते पाकीट पहिल्यांदा नीट उघडलं. खांदा बघायला काढलेला छातीचा एक्स-रे होता. खांदा बघून झाला, नजर खाली घसरली, आणि शेवटच्या बरगडीखाली तिला अगदी घरातलं काहीतरी दिसलं.

नवऱ्याला बाजारात सगळे मौनी म्हणत. धंद्याचाच दोष तो. सोफा मढवणाऱ्याचा एक हात कापड ताणण्यात अडकलेला, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे कोण देणार? तोंड. एका वेळी सात खिळे गालात धरायचे, जिभेने एकेकाचं डोकं फिरवून ओठांवर आणायचं, हातोडीच्या चुंबकाने ते अलगद उचलायचं, आणि ठक. तो हे बापाकडून शिकला होता, आणि बापासारखाच सबंध दिवस एका अक्षरावर काढायचा. “हं.” या ‘हं’चे नऊ-दहा प्रकार होते. ते सगळे फक्त बायकोला कळत. लग्नाआधी दुकानात डोकावून गेलेल्या तिच्या आईने तर घरी येऊन सांगितलं होतं की मुलगा चांगला आहे, पण मुका आहे. त्यावर मोठ्या बहिणीचं म्हणणं पडलं, मग हो म्हणून टाका.

खोड एकच. काम संपलं तरी दोन-चार खिळे गालात राहून जायचे. मुंग्या चावाव्यात तसे ते त्याला टोचत असतील असं बायकोला आधी वाटायचं, पण त्याला ते असल्याचंही कळायचं नाही. अशातच एकदा त्याने शिंकताना एक गिळला होता. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये ती खुर्चीवर बसून होती, आणि घरी परतताना तिने त्याच्याकडून शब्द घेतला होता: काम संपलं की तोंड रिकामं. रस्त्यात तर नाहीच नाही. त्याने शब्द पाळला. म्हणजे, तिच्यासमोर पाळला.

मग ती दुपार आली. एका गिऱ्हाइकाकडचं काम आटोपून तो गाडीत मागे आरामखुर्ची टाकून निघाला होता. खुर्चीचे पाय गाडीबाहेर आलेले, आणि बाहेर आलेल्या सामानाला लाल फडकं बांधायचा नियम. दुकानात सतराशे साठ रंगांची फडकी पडलेली, गाडीत एक नाही. गस्तीच्या गाडीने त्याला कडेला घेतलं. दोन पोलीस उतरले, एक केस पिकलेला, एक नवा. थोरल्याने नाव विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. मौनी नुसता हं म्हणाला. मग त्याने हात तोंडाकडे नेला. पुढचं सगळं समोरच्या लॉंड्रीवाल्याने पाहिलं होतं: थोरल्याने त्याचा जबडा धरला, दार उघडून त्याला खाली ओढलं, आणि उजवा हात पाठीमागे इतका वर पिळला की लॉंड्रीवाल्याला काहीतरी मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडून ऐकू आला. मग पोलिसांनीच त्याला हॉस्पिटलात नेऊन सोडलं.

त्या दिवसानंतर उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. हातोडी बायकोने उचलली. पण खरं दुखणं हाताचं नव्हतंच. पोलिसांच्या अहवालात एक ओळ होती: ‘चालकाने उत्तर देण्यास नकार दिला, अज्ञात पदार्थ गिळला व पोलिसांना विरोध केला.’ ती ओळ कुठून कशी कोण जाणे बाजारभर झाली. मौनीचं निम्मं काम लोकांच्या दिवाणखान्यात. लोक आधी म्हणाले, सोफा दुकानातच घेऊन जा ना. मग काहीच म्हणेनासे झाले. अज्ञात पदार्थ गिळणाऱ्या माणसाला घरात एकटं कोण सोडणार? दावा लावला तो त्या ओळीसाठी. ती खोडून हवी होती.

आणि त्याच दाव्यात, शपथेवर, त्याने लिहून दिलं होतं की आपण तिन्ही वेळा नाव सांगितलं, आपलं तोंड रिकामं होतं.

“का?” तिने फिल्म खाली घेतली. “कोर्टात खोटं का?”

“कोर्टात नाही बोललो मी खोटं. हॉस्पिटलात बोललो. वकीलबाई खाटेच्या या बाजूला लिहीत होत्या, तू त्या बाजूला बसली होतीस. त्यांनी विचारलं, तोंडात काही होतं का? तू माझ्याकडे बघितलंस.”

“मग?”

“मग काय. नाही म्हणालो.”

तिने फिल्म पाकिटात परत घातली. एवढं मोठं कोर्ट, दोन वर्षांच्या तारखा, आणि त्याच्या मुळाशी बायकोची एक नजर. लोक मूग गिळून गप्प बसतात, ती शेवटी म्हणाली, तुम्ही खिळे गिळून बसता. त्यावर तो म्हणाला की गिळल्याचं खरंच कळलं नव्हतं, सगळे रस्त्यावर सांडले असंच वाटत होतं.

“सगळे म्हणजे किती?”

“पाच.”

“मग बाकीचे चार कुठे आहेत?”

हाच प्रश्न घेऊन ती संध्याकाळी त्याच्यासकट वकीलबाईंच्या खोलीत गेली. एक्स-रे पाहून वकीलबाईंनी आधी त्याचा जबाब काढून पुन्हा वाचला. शपथेवरचा जबाब खोटा ठरला तर आपण सपशेल तोंडघशी पडू, समोरचा वकील सोलून काढील, असं त्यांनी जमेल तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. मौनी म्हणाला, मग बटणच म्हणू या. बायकोने नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि तो म्हणाला, नको, राहू दे.

पण तिचं अजून चार खिळ्यांवरच चाललं होतं. घरात एक खिळा पडला तर अनवाणी पायाला तो बरोबर सापडतो, आणि इथे चार खिळे पोलिसांच्या बुटांपुढे पडले, भर दुपारी. त्यांना दिसले नसतील? वकीलबाईंनी अहवाल पुन्हा काढला. झडतीत सापडलेल्या वस्तू: पाकीट, किल्ल्या, कापड मोजायची पट्टी, हातोडी. खिळ्यांचा उल्लेख कुठेही नव्हता. ‘अज्ञात पदार्थ’ मात्र होता. वकीलबाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

कोर्टाची खोली लहान होती. पंखा होता, पण तो न्यायाधीशांच्या डोक्यावर. मौनीने उभं राहून सगळं सांगितलं, खिळ्यांसकट. पोलिसांचे वकील खुशीत आले.

“म्हणजे शपथेवर तुम्ही खोटं बोललात.”

“हो.”

“कुणाला फसवायला?”

“बायकोला.”

खोलीत हसू पसरलं. बायको मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. वकिलांनी हसू ओसरू दिलं नाही. खिळे होते तर थुंकून का टाकले नाहीत, असं त्यांनी विचारलं. दोन सेकंदांचं काम. मौनीने उत्तराला वेळ घेतला, जणू जिभेने काहीतरी फिरवून पुढे आणत होता.

“पोलिसाच्या तोंडावर पाच खिळे थुंकले असते तर आज मी इथे उभा असतो का? हातात काढून दाखवावेत म्हटलं. म्हणून हात वर नेला.”

या वेळी कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी खाली बघून काहीतरी लिहिलं.

पुढच्या तारखेला नव्या पोलिसाची साक्ष झाली. तो आता तितकासा नवा राहिला नव्हता. वकीलबाईंनी त्याला आडवळणाने काही विचारलं नाही. रस्त्यावर खिळे पडलेले होते का, एवढंच. त्याने थोरल्याकडे बघितलं. थोरला पंख्याकडे बघत होता.

“होते,” तो म्हणाला. “एक माझ्या बुटात घुसला. रात्रपाळीच्या आधी मी तो पकडीने काढला.”

“अहवालात का नाही?”

“अहवाल साहेबांनी लिहिला. खिळे लिहिले तर तो नुसता कारागीर आहे हे दिसलं असतं.”

निकालाला आणखी चार महिने गेले. मधल्या काळात बायकोने त्याचा नवा एक्स-रे काढून घेतला. पोट स्वच्छ होतं, खिळा कधीच आपल्या वाटेने निघून गेला होता. तरी ती फिल्म तिने दोनदा उजेडात धरली. दुकानात तिने आपल्यासाठी मनगटाला बांधायचं चुंबक आणलं, खिळे त्यावर लावायचे. तोंड मोकळं राहिल्यामुळे ती काम करताना अखंड बोलायची, आणि मौनी कापड ताणून धरत हं म्हणायचा.

निकाल सकाळी लागला. बळाचा वापर विनाकारण होता, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. अहवालातली ती ओळ खोडून नवी नोंद करावी. खोट्या जबाबाबद्दल मौनीलाही चार शब्द सुनावले, ते त्याने मान हलवून घेतले. वकीलबाई त्याचा डावा हात हातात घेऊन हलवत राहिल्या. निकालाच्या चार प्रती मिळतील का, असं त्याने विचारलं. एक दुकानाच्या काचेवर लावायची होती.

बायको व्हरांड्यात आली. थोरला पोलीस एकटाच दरवाजाकडे निघाला होता, टोपी काखेत. ती त्याच्या वाटेत उभी राहिली नाही, कडेलाच थांबली. आवाजही चढवला नाही, कोच किती दिवसांत हवा आहे असं गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

“साहेब, माझ्या नवऱ्याने खिळे लपवले, ते माझ्या भीतीने. त्याचं आमचं आम्ही बघून घेऊ. पण तुम्ही रस्त्यावर खिळे पाहिले होते, आणि काहीतरी गिळलं हेही तुम्हीच लिहिलंत. मग हॉस्पिटलात त्याला सोडताना डॉक्टरांना एवढं तरी का नाही सांगितलंत, की याच्या पोटात खिळा असेल?”

तो थांबला. टोपी काखेतून काढून त्याने हातात घेतली, आतली शिवण अंगठ्याने चाचपली. मग ती डोक्यावर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेला.