चार बोटं खाली

समुद्रकाठच्या पोर्थगारू गावातल्या ग्वेनलियन प्रॉसरला कुणी "नाही" म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर तरतरी यायची. गावातले लोक म्हणायचे, या बाईला औषधापेक्षा नकार जास्त मानवतो. वय अडुसष्ट, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि आवाज असा की किनाऱ्याच्या या टोकाला तिनं शिंक दिली तर त्या टोकाचे समुद्रपक्षी उडावेत.

तिचा धंदा आजीपासून चालत आलेला. ओहोटी लागली की खडकांवरचं काळं शेवाळ खुडायचं, पोत्यात भरून घरी आणायचं, दिवसभर मोठ्या पातेल्यात शिजवायचं आणि त्याचा काळा लगदा शनिवारच्या बाजारात विकायचा. ओटच्या पिठात घोळवून, डुकराच्या चरबीत परतून लोक तो न्याहारीला खातात. ज्यांना आवडतो ते त्यासाठी जीव टाकतात. ज्यांना आवडत नाही त्यांना ग्वेनलियन माणसांत धरत नसे.

शेवाळाची ओली पोती वाहायला जीप होती. एकोणीसशे अठ्ठावन्न साली बापानं घेतलेली, भिंतीच्या ब्रशनं तीनदा हिरवी रंगवलेली, वर पत्र्याचं टप. ती जीप खडकात, वाळूत, चिखलात कुठंही जायची. पण एका एप्रिलात ती गावच्याच रस्त्यावर अडली.

किनाऱ्याच्या तोंडाशी जिल्हा कचेरीनं रातोरात लोखंडी कमान उभी केली होती. दोन खांब, वर आडवा दांडा, आणि दांड्याला कुलूप. जीपचं टप त्या दांड्यापेक्षा चार बोटं उंच भरलं.

कमानीपाशी पिवळं जाकीट घालून पार्फिट उभा होता. कचेरीचा माणूस, पंचेचाळिशीचा, हातात घडीची मोजपट्टी. माणूस वाईट नव्हता. जे कागदावर नाही ते जगात नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं, इतकंच.

"ही कमान कॅम्परव्हॅनवाल्यांसाठी आहे, मिसेस प्रॉसर," तो म्हणाला. "रात्री गाडीतच मुक्काम ठोकतात, घाण करून जातात. तुमच्यासाठी नाही."

"मग माझ्याच टपाला का लागतेय?"

"तुमची गाडी उंच आहे."

"ती साठ वर्षांपासून एवढीच आहे. तुमचा दांडा कालचा. मग उंच कोण झालं?"

पार्फिटनं पिशवीतून कागद काढला. "एक अर्ज भरून द्या. व्यावसायिक वापर, विमा, उत्पन्नाचा दाखला. सहा आठवड्यांत तुम्हाला कुलपाची किल्ली मिळेल."

"माझी आजी याच वाटेनं गाढव घेऊन जायची. त्या गाढवानं कधी अर्ज भरला नव्हता."

"तेव्हा नियम नव्हता."

"हं. तेव्हा गाढव एकच होतं," ग्वेनलियन म्हणाली, आणि जीप मागं घेतली.

शेवाळाचे खडक कमानीपासून अर्धा मैल लांब. ओलं पोतं खांद्यावर घेऊन तेवढं चालायचं वय राहिलं नव्हतं. अर्ज भरणं तर तिच्या रक्तातच नव्हतं. ती थेट दिल्विनच्या दारात गेली. दिल्विन तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चाळीस वर्षं गॅरेज चालवून आता घरी बसलेला, आणि घरी बसवत नाही म्हणून सतत कुरकुरणारा.

"टप काढू," दिल्विन म्हणाला. ऐकायला सोपं होतं. दोघांनी सकाळभर नटांशी झटापट केली. समुद्राच्या खाऱ्या हवेनं नट आणि पत्रा यांचं केव्हाच लग्न लावलं होतं. एक पाना मोडला, दिल्विनच्या बोटाची साल गेली, टप जागचं हललं नाही.

"बापानं बसवलंय," ग्वेनलियन म्हणाली. "जिवंत होता तेव्हा कुणाचं ऐकलं नाही, आता कसा ऐकेल?"

दिल्विन दमून जीपच्या मागच्या फळीवर धपकन बसला. जीपचं ढुंगण खाली गेलं. ग्वेनलियननं एकदा त्याच्या पोटाकडे पाहिलं, एकदा टपाकडे.

बुधवारच्या ओहोटीला जीप पुन्हा कमानीपाशी आली. मागं चर्चच्या गायकमंडळातले चार खर्जवाले बसले होते. खर्जाचा आवाज काढायला छाती लागते आणि छातीखाली पोट लागतं, अशी त्या मंडळींची ठाम समजूत होती. त्यांच्या वजनानं जीप अशी दबली होती, की टप दांड्याखालून सुळकन पार झालं. वर चौघांनी एका सुरात भजन धरलं होतं. पार्फिट मोजपट्टी हातात धरून बघतच राहिला.

"माणसं बसवायला मनाई आहे का हो, पार्फिटसाहेब?" ग्वेनलियननं खिडकीतून विचारलं.

पार्फिटनं कागद उलटा केला, सुलटा केला. मनाई नव्हती.

पण खर्जवाले दोन तासांत वाऱ्यानं गारठले. "ओहोटी रोज वेगळ्या वेळी, आम्ही रोज यायचं, मग गायचं कधी आणि जेवायचं कधी?" त्यांच्यातला सगळ्यात जाडा म्हणाला. जेवणाचा मुद्दा आल्यावर ग्वेनलियननं चौघांना घरी सोडलं.

"मग गाडीच कायमची खाली कर," ग्वेनलियननं दिल्विनला सांगितलं.

दिल्विननं कपाळाला हात लावला. "अगं बाई, सगळं जग जीप उंच करायला धडपडतं! तू घोड्याचे पाय छाटायला सांगतेस मला."

"घोडा दारातून आत जात नसेल तर काय दाराची पूजा करू? काढ पाटे."

जुन्या जीपचं वजन कमानपाट्यांवर असतं. लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या. त्यातल्या काही काढल्या की पाट्यांचा ताठा जातो आणि गाडी खाली बसते. दिल्विन शिव्या देत जीपखाली शिरला. प्रत्येक चाकाचे तीन तीन पाटे निघाले. प्रत्येक पाटा बाहेर टाकताना तो असा उसासा टाकी, जसा काही स्वतःचाच दात उपटतोय.

दुसऱ्या दिवशी जीप दांड्याखालून गेली. टपावर वाळलेली पक्ष्यांची शीट तेवढी खरवडली गेली. ग्वेनलियननं जाताना हॉर्न वाजवला. एकदा वाजवून भागलं असतं. तिनं तो बुधवारच्या भजनाच्या चालीवर वाजवला. तेच नडलं.

सोमवारी दांडा चार बोटं खाली आला.

"बुटक्या कॅम्परव्हॅन आत शिरतायत," पार्फिट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"एक तरी दिसली का तुम्हाला?"

"शिरू शकतात."

आता ग्वेनलियन हट्टाला पेटली. दिल्विननं जीपला लहान चाकं बसवली, आणि अॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले. या जीपचा पाटा अॅक्सलच्या खालून जातो; मध्ये ठोकळा आला की तो आणखी खाली जातो, आणि पाट्याबरोबर गाडीचं सगळं अंगच. जीप अशी दिसायला लागली जशी अंड्यांवर बसलेली कोंबडी. पबमध्ये दोन तट पडले. एक म्हणे बाईनं कचेरीला नमवलं. दुसरा म्हणे बापाच्या गाडीची विटंबना केली. दोन्ही तट रोज कमानीपाशी बघायला मात्र यायचे.

पार्फिटनं पुन्हा मोजलं. दांडा आणखी खाली घ्यावा तर साध्या मोटारीही अडल्या असत्या. त्यानं मोजपट्टीची घडी घातली आणि टोपी उचलून बाजूला झाला. ग्वेनलियनला जिंकल्याचा इतका आनंद झाला की दिल्विन मागून काय ओरडतोय ते तिनं ऐकलंच नाही.

तो ओरडत होता, "दोनच पोती भर! पोट जमिनीपासून वीतभर उरलंय!"

तिनं सहा भरली. वसंतातलं शेवाळ कोवळं असतं, हात थांबत नाही. परतताना किनाऱ्याच्या मध्यावरचा गोट्यांचा बांध आला. साठ वर्षं जीपनं तो बांध कधी बांध म्हणून मोजला नव्हता. आज तिचं पोट त्यावर टेकलं आणि चारी चाकं हवेत गरगरत राहिली.

ग्वेनलियन खाली उतरली. पोती काढून टाकली. फावड्यानं गोटे उपसले. जितके उपसले तितके खाली घसरले. मग तिनं मागं वळून पाहिलं. पाणी फिरलं होतं. तासा-दीड तासात ते इथं येणार होतं. तिला आठवलं, बाप दर रविवारी ही जीप गोड्या पाण्यानं धुवायचा, आणि आईनं हाक मारली तरी यायचा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं, आणि कुणी बघत नाही ना हे पाहून तिनं डोळे पुसले.

कमानीपर्यंतची वाट ती जवळजवळ पळत आली. दिल्विननं दुरून पाहून आधीच शेजारच्या योरवर्थला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं होतं. ट्रॅक्टर कमानीच्या अलीकडे उभा. त्याची केबिन दांड्याहून हातभर उंच.

"किल्ली," दिल्विन पार्फिटला म्हणत होता.

"कचेरीतल्या कपाटात."

"मग मागवा."

"कपाटाची किल्ली ज्या बाईकडे आहे," पार्फिट हळू आवाजात म्हणाला, "ती सुट्टीवर टेनेरिफ बेटावर गेलीय."

पबमधले दोन्ही तट आज एकाच बाजूला उभे होते आणि कुणीही हसत नव्हतं. ग्वेनलियन धापा टाकत पार्फिटसमोर आली. आयुष्यात जे शब्द तिनं क्वचितच वापरले होते ते शोधायला तिला थोडा वेळ लागला.

"पार्फिटसाहेब, चूक माझी आहे. पण गाडी माझ्या बापाची आहे."

पार्फिटनं समुद्राकडे पाहिलं. मग पिवळं जाकीट काढून खांबाला अडकवलं आणि दिल्विनपुढं हात केला. "करवत आहे?"

लोखंडी दांडा जाड होता. पार्फिटला करवतीची सवय नव्हती. दोन पाती मोडली, शर्ट घामानं भिजला. तरी त्यानं करवत कुणाला दिली नाही. सरकारी दांडा सरकारी माणसानंच कापायला हवा, असं काहीतरी तो पुटपुटत होता.

"याचं कारण काय लिहू मी?" त्यानं मध्येच विचारलं.

"लिहा, दांडा फार खाली होता," ग्वेनलियन म्हणाली. जिवात जीव आला तशी तिची जीभही परत आली होती.

दांडा पडला, ट्रॅक्टर सुटला. पाणी चाकांच्या मध्याशी आलं तेव्हा जीप बांधावरून करकरत उतरली. चार पोती वाहून गेली, दोन वाचली. त्यातलं शिजवून ग्वेनलियननं शुक्रवारी एक डबा भरून पार्फिटच्या टेबलावर ठेवला. त्याला आवडलं की नाही कळलं नाही. डबा मात्र धुऊन परत आला, आणि डब्यात तो अर्ज होता. सगळा भरलेला, पार्फिटच्याच अक्षरात. फक्त सहीची जागा मोकळी. ग्वेनलियननं तो तीन दिवस स्वयंपाकघरात तसाच ठेवला, जाता-येता त्याच्याकडे डोळे वटारले, आणि चौथ्या दिवशी सही केली.

नव्या कमानीची एक किल्ली तिला मिळाली. त्या उन्हाळ्यात कचेरीचीच गाडी किनाऱ्यावर न्यायची वेळ आली आणि टेनेरिफवाल्या बाईला पुन्हा सुट्टी लागली होती, तेव्हा पार्फिट ग्वेनलियनच्या दारात आला. ग्वेनलियननं त्याला खुर्ची दिली, चहा दिला, दुसरा कप दिला, आजीच्या गाढवाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली, आणि मग किल्ली दिली.

जीप पुन्हा उंच करायला दिल्विनला एक दिवस लागला. ठोकळे निघाले, जुनी चाकं चढली, सगळे पाटे जागच्या जागी बसले. तो इतका खुशीत होता की शीळ घालत होता. ग्वेनलियन चढायला गेली. एक पाय उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही खाली ठेवला.

"काय झालं?" दिल्विन म्हणाला.

"एकेक पाटा काढ परत."

"का? आता किल्ली आहे की तुझ्याकडे!"

"किल्ली आहे रे," ती गुडघा चोळत म्हणाली, "पण गेले दोन महिने मी या गाडीत राणीसारखी बसतेय. आता पुन्हा माकडासारखी चढू होय?"

दिल्विनची शीळ थांबली. त्यानं जॅक उचलला आणि पुटपुटत पुन्हा जीपखाली शिरला.