मांजर कुठे बसलंय?

सिंगापुरात बारा महिने राहून ज्यांना थंडी वाजते असे जगाच्या पाठीवर एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझे साडू आहेत. इथे जानेवारीतसुद्धा माणूस लिफ्टपासून बस स्टॉपपर्यंत जाईस्तोवर घामाने निथळतो. आमच्या साडूंच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये मात्र दाराजवळच्या खुंटीवर राखाडी रंगाचा एक जाडजूड लोकरी स्वेटर कायम टांगलेला असे. फोन वाजला की ते आधी स्वेटर चढवत, मग घरातले पंखे बंद करत आणि मग फोन घेत. सगळ्याच फोनांना हा मान नव्हता. बायकोचा फोन ते बनियनवरही घेत. स्वेटर फक्त 'तिकडच्या' फोनसाठी.

आता 'तिकडचे' म्हणजे कोण ते सांगायला हवं. साडू सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यांच्या कंपनीने एका बर्फाळ देशातल्या कारखान्यासाठी बॉयलरच्या कंट्रोल पॅनलचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. तिकडे खेड्यापाड्यांत म्हणे घर ऊबदार ठेवायला अंगणात लाकडावर चालणारा भला मोठा बॉयलर असतो. त्यातलं गरम पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घरभर फिरतं. आग विझली तर तळघरातला प्रोपेन गॅसचा बॉयलर आपोआप पेटतो. साडूंनी प्रोग्रॅम लिहिला आणि हौसेने मॅन्युअलही लिहिलं. शेवटच्या पानावर 'अडचण आल्यास फोन करा' याच्यापुढे कारखान्याचा नंबर यायचा होता. तो हाती येईपर्यंत जागा रिकामी दिसू नये म्हणून त्यांनी इंटरनेटवरून चाचणीसाठी घेतलेला तिकडचाच एक नंबर तिथे टाकून ठेवला. तो वाजायचा यांच्या खिशात. मॅन्युअल तसंच छापून गावोगावच्या शेतघरांत जाऊन पोचलं. चूक कळल्यावर कारखान्याने पुढच्या प्रतींत नंबर बदलला आणि साहेबांनी यांना जुना नंबर बंद करून टाकायला सांगितलं. यांनी केला नाही. "पाहुण्याला पत्ता द्यायचा आणि घराला कुलूप लावून बसायचं, हे आपल्याला जमणार नाही," असं त्यांनी मला बाणेदारपणे सांगितलं.

गंमत अशी की साडूंनी बर्फ पाहिला तो फक्त फ्रीजमधला, आणि असला बॉयलर तर फोटोतच. त्यांचं सगळं ज्ञान भोरच्या घरच्या मोरीजवळ असलेल्या तांब्याच्या बंबावर उभं होतं. अंगणातल्या बॉयलरला ते थोरला बंब म्हणत, गॅसच्या बॉयलरला धाकटा बंब. या दोघांचं नातं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. "आपल्यासारखंच आहे, धाकटे," ते म्हणाले. मला ते धाकटेच म्हणत. "दोघेही बाहेरून येऊन एकाच घराला जोडलेले. थोरला राबतोय तोवर धाकट्याने आराम करायचा. थोरला थंड पडला की धाकट्याने उठायचं. भानगड कधी होते? दोघं एकदम कामाला लागले की, नाहीतर दोघांनाही वाटलं की दुसरा बघून घेईल." सासऱ्यांच्या घरी गणपतीच्या आराशीच्या वेळी नेमकं काय होतं ते आठवून मी मान डोलावली.

तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली ऑफिसला जायची वेळ. त्यामुळे सकाळी आठच्या एमआरटी मेट्रोत, टाय लावलेल्या लोकांच्या मधोमध, एक माणूस बॅगेतून स्वेटर काढून घालतोय आणि शांतपणे कुणाला तरी राख काढायला सांगतोय, हे दृश्य वुडलँड्सच्या लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. छत्री घेऊ का विचारलं तर साडू म्हणत, "आज उणे अठरा आहे." ब्लॉकखालच्या कॉफीच्या स्टॉलवर पाणी उकळायचं एक पिंप होतं. त्याच्यासमोर ते अर्धा अर्धा तास उभे राहत. शेवटी एक दिवस तिथल्या म्हाताऱ्या चिनी बाई वैतागल्या. "अंकल, एव्हरी डे यू लुक माय बॉयलर. वॉन्ट टू बाय ऑर नॉट?" साडूंनी त्यांनाही वाफेबद्दल दोन सूचना केल्या. तेव्हापासून त्या यांना बघितलं की पिंपावर फडकं टाकत.

आपण कुठून बोलतोय हे मात्र साडूंनी कुणाला कधी सांगितलं नाही. "कुडकुडणाऱ्या माणसाला आपण घामाघूम आहोत असं सांगायचं नसतं. त्याला एकटं वाटतं," ते म्हणत. पंख्यांवरून माझं आणि त्यांचं कायम वाजे. मी रविवारी त्यांच्याकडे जेवायला जावं, पुरणपोळीचा दुसरा घास घ्यावा, आणि यांनी उठून डोक्यावरचा पंखा बंद करावा. "तिकडे माणसं गारठलीत आणि आपण वारा घेत बसायचं?" मी घाम पुसत पुरणपोळी खायचो आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो, अर्थात मनात.

पण कळस होता तो त्यांच्या पहिल्या प्रश्नाचा. समोरचा माणूस कितीही घाबराघुबरा होऊन काही सांगू दे, साडू त्याला विचारत, "घरात मांजर आहे का? कुठे बसलंय?" भोरला बंब पेटला की नाही हे त्यांची आई मांजराकडे बघून ठरवत असे. "थर्मामीटर बिघडतो, सेन्सर बिघडतो. मांजराला कुणी नोकरीवर ठेवलेलं नसतं, त्यामुळे ते खोटं बोलत नाही." काही लोक यावर फोन ठेवून देत. जे ठेवत नसत, त्यांचं घर तासाभरात गरम होई.

एका संक्रांतीला आमच्या टॅम्पिनीसच्या घरी हळदीकुंकू होतं. संध्याकाळचे सहा. हॉलमध्ये वीस-पंचवीस बायका, लिटिल इंडियातून आणलेली वाणाच्या डब्यांची चळत, आणि आम्ही दोघे पुरुष म्हणून बेडरूममध्ये स्थानबद्ध. तेवढ्यात 'तिकडचा' फोन आला आणि साडूंचा चेहरा उतरला. स्वेटर वुडलँड्सला राहिला होता. त्यांनी पलंगावरची माझ्या बायकोची शाल ओढून गुंडाळून घेतली, मला एसी सोळावर लावायला सांगितला आणि फोन स्पीकरवर टाकला.

एक म्हातारी बाई बोलत होती. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. नवरा गेल्यापासून ती शेतावरच्या घरात एकटीच राहत होती. सात वाजता मुलगा येऊन तिला खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात नेणार होता, आठ दिवसांसाठी. लाकडं उचलवत नाहीत म्हणून दोन दिवस अंगणातला बॉयलर विझलेला होता. गॅसचा रात्रभर धडधडून जळत होता, तरी घर बर्फ झालं होतं. "मुलाने सांगून ठेवलंय," ती म्हणाली, "घर थंड दिसलं तर पाइप रिकामे करून कुलूप लावणार आणि वसंतात विकून टाकणार. मग मी शहरात त्याच्या फ्लॅटमध्ये. मला नाही जायचं हो." शेवटचं वाक्य ती अगदी हळू बोलली.

साडूंनी शाल सावरली आणि विचारलं, "मांजर कुठे बसलंय?" तेवढ्यात पर्स घ्यायला दोन बायका आत आल्या आणि शाल पांघरलेल्या पुरुषाला इंग्रजीत मांजराची चौकशी करताना बघून दारातच थबकल्या. त्यांच्या मागे आणखी चौघी आल्या. फोनवर बाई म्हणाली, मांजर तळघरात नाही. मग ती टॉर्च घेऊन खिडकीशी गेली. "कमाल आहे. ते बाहेर त्या विझलेल्या बॉयलरवर बसलंय. आणि तिथला बर्फ पार वितळलाय."

साडूंनी तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला, "अहो, मग धाकट्याचं गरम पाणी सगळं थोरल्याकडे चाललंय. अंगणाकडे पाणी नेणारा तळघरातला पंप आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायला सांगा." हातात हळदीकुंकवाची कोयरी घेऊन माझी मेव्हणी उभी होती. नवऱ्याच्या या छंदाला ती इतकी वर्षं शिव्या घालत होती, पण कान उघडे ठेवून. साडू तिच्याकडे बघतच राहिले. मग भानावर येऊन म्हणाले, "थांब. पंप बंद केला तर बाहेरचं पाणी गोठून बॉयलर फुटेल." त्यांनी बाईला विचारलं, "त्या पाइपांतलं पाणी कसं आहे? साधं की रंगाचं?" बाई म्हणाली, हिरवं. पाणी गोठू नये म्हणून नवरा दरवर्षी त्यात औषध घालत असे. "मग तुमच्या यजमानांनी तुमची सोय करून ठेवलीय," साडू म्हणाले. "जा, बंद करा. सावकाश. कठडा धरून."

बाई तळघराचा जिना उतरायला लागली. तिची काठी एकेका पायरीवर वाजत होती आणि इकडे नटूनथटून आलेल्या पंचवीस बायका श्वास रोखून ऐकत होत्या. व्हॉल्व्ह कुरकुरला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. एसी सोळावर असल्यामुळे एकीचे दात वाजायला लागले. बऱ्याच वेळाने बाईचा आवाज आला, "मांजर आत आलं." माझ्या बायकोने दाजींच्या हातावर वाटीभर तिळगूळ ठेवला, आणि मेव्हणीने वाणाचा एक डबा दिला. पुरुषाला वाण दिल्याची टॅम्पिनीसमधली ती पहिलीच वेळ असावी.

घर विकलं गेलं नाही. नंतर दर वर्षी पहिला बर्फ पडला की बाईचा फोन येई. तक्रार काही नसे. "मांजर तळघरात आहे," एवढं सांगायची. साडू तेवढ्यासाठीसुद्धा स्वेटर घालायचे.

मग एका वर्षी फोन आला नाही. साडू रोज तिकडचं हवामान बघायचे. डिसेंबरातल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खात होतो, तेव्हा त्या नंबरावरून फोन आला. साडूंनी घाईने स्वेटर चढवला. पंखा बंद करायलाही ते विसरले. आवाज पुरुषाचा होता. बाईचा मुलगा. आई ऑक्टोबरात गेली, म्हणाला. घर विकवेना, म्हणून तोच राहायला आला होता. थोरला पेटलाय, पण वरच्या खोल्या गारच आहेत. "तुमच्या मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर आईच्या अक्षरात लिहिलंय," तो अडखळत म्हणाला, "फोन करण्याआधी मांजर कुठे आहे ते बघून ठेव. ते विचारतील."

साडूंनी चष्मा काढला. "मग, कुठे बसलंय?"

"आईच्या खुर्चीत. तिथे तर ऊब नाहीच. पण दोन महिने ते तिथून हलत नाही."

साडूंनी चष्मा स्वेटरला पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "बसू दे. त्याला उठवू नका. आज आपण पाइपांना हात लावून बघू."

मी उठून पंखा बंद केला.