पिवळी जोडी, निळी जोडी

मुंजाजी कशाकशाला भीत ते सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. खांबावर चढायला भीत, उतरायला त्याहून जास्त. साहेबाचा फोन आला की उभं राहून बोलत आणि तिकडून ठेवल्याचा खटका ऐकल्यावरच खाली बसत. टेलिफोन खात्यातली अख्खी नोकरी त्यांनी अशी भीत भीत निभावली. गावात कुणीही त्यांची नक्कल करून दाखवायचं : "व्हय साहेब. न्हाई साहेब. व्हय व्हय साहेब!"

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीच्या तोंडावर गावात नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. जुना बोर्ड उचकटून पोत्यात भरला. नव्या यंत्राला एका बाजूनं गावातले फोन जोडायचे, दुसऱ्या बाजूनं बाहेरची लाईन. बाहेरची लाईन एकच, परभणीची. सोनपेठच्या ठाण्याला फोन लावायचा तरी तो परभणीवरूनच फिरून जायचा. परभणीच्या टोकाला होता तिथला मेकॅनिक चन्नबसप्पा. नव्या यंत्राला बोलायच्या तारा वेगळ्या, ऐकायच्या वेगळ्या, म्हणून दोघांनी स्टँडवर चहा पिताना ठरवून टाकलं.

"पिवळी जोडी बोलायची, निळी ऐकायची. ध्यानात ठेव बाबा!" चन्नबसप्पा हेल काढून म्हणाला.

"व्हय व्हय. पिवळी बोलायची."

दोघांनी ध्यानात ठेवलं आणि आपापल्या टोकाला अगदी मन लावून तसंच जोडलं.

घंटीची तार वेगळी; ती दोन्हीकडे खणखणीत वाजायची. फोन उचलला की आत विहिरीसारखं गप्प. आणि नेमकी त्याच वेळी विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली. एसटी बंद झाली, दुकानांच्या फळ्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्यापलीकडच्या दलित वस्तीतली कडूबाई धापा टाकत एक्स्चेंजच्या पायरीवर आली.

"मुंजाभाऊ, ठाण्याला फोन लाव. आमी पेढे वाटले म्हणून शेजारच्या गावात पोरं गोळा व्हायलीत. काठ्या हायत, रॉकेल हाय. दिवस बुडायच्या आत येतेत म्हणं."

"लागंना ग माय. घंटी वाजायलीय, आवाज न्हाई."

"परवापत्तोर लागत व्हता. आताच कसा बंद पडला?"

वस्तीत काय बोलत असतील ते मुंजाजींना बसल्या जागी ऐकू यायला लागलं : मुंजानं फोन तोडला. मुद्दाम तोडला. ते यंत्राच्या कपाटाशी वाकले. स्क्रू हातातून निसटून घरंगळत गेला.

तेवढ्यात दारात सावली पडली. गावातले बडे शेतकरी दिनकरराव. आवाज असा, की ताकात साखर विरघळावी.

"काय मुंजा, बिघडलंय जणू?"

"व्हय मालक."

"मग बिघडू दे की. यंत्र नवं, तुझा हात जुना. साहेब येतील, बघतील. तवर कुलूप घाल अन् घरी जा. तुलाबी लेकरंबाळं हायत."

"कुलूप?" कडूबाई उसळली. "आमची घरं जळूस्तवर कुलूप?"

"ए बाई, मी याच्याशी बोलायलोय—"

"मीबी याच्याशीच बोलायलेय! लहान लेकरं हायत वस्तीत—"

"आधी माझं ऐकून घे—"

"तुमीच ऐका—"

दोघं एकदमच बोलत होते, एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नव्हतं. मुंजाजी दोघांच्या तोंडांकडे बघत राहिले आणि एकदम कपाटाकडे वळले. तिकडं चन्नबसप्पाची पिवळी बोलायलीय. इकडं माझीबी पिवळीच. अरे, मग ऐकायलंय कोण?

त्यांनी पिवळी जोडी सोडली, निळीच्या जागी लावली. निळी पिवळीच्या जागी. तार दोनदा सुटली. घंटी दिली.

"हालूऽऽ! कोन, मुंजाजी? अरे, हाईस का मेलास बाबा?"

"हाय! ठाणं जोड, सोनपेठचं. लवकर!"

"मुंजा," दिनकरराव हळूच म्हणाले, "इचार कर."

ठाणं लागलं. मुंजाजींनी घाईघाईनं फोन कडूबाईच्या हातात कोंबला. म्हणजे आपण फक्त जोडून दिला, एवढंच! तिनं घडाघडा सगळं सांगितलं. पण तिकडचा हवालदार खेकसला, ते बाहेरपर्यंत ऐकू आलं. "सकाळधरनं खोट्या बातम्यांनी पिट्टा पाडलाय! सरकारी माणूस हाय का कुनी तिथं? त्याला दे!"

कडूबाईनं फोन पुढं केला. मुंजाजी उठून उभे राहिले.

"नाव बोला!"

दिनकरराव बघत होते.

"मुंजाजी... टेलिफोन मेकॅनिक. बाई खरं सांगायलीय साहेब. गाडी पाठवा. व्हय. व्हय साहेब, माझंच नाव लिहा."

फोन ठेवून वळले तर दारात कुणी नव्हतं. मुंजाजींनी आतून कडी घातली आणि जमिनीवर बसले. कडूबाईही बसली.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा रस्त्यानं पोलिसांची जीप धडधडत गेली. ओढ्याकडे वळल्याचा आवाज आला. तिच्यामागं आणखी एक गाडी. कडूबाई पदर खोचून घाईनं उठली, कडी काढली.

"कडूबाई," मुंजाजी बसूनच म्हणाले, "मला तेवढं घरापत्तोर सोड. लय भ्या वाटायलंय."

तिचा सगळा जीव वस्तीकडे लागला होता. तरी ती पायरीवर थांबली. आत मुंजाजी कुलूप शोधत होते.

"आवर बाबा," ती म्हणाली. "चल, माझ्या मागंमागं ये."